टाकीवरनं बघितलेली दीक्षा

गुरु. १२ फेब्रु.
पंपाची दुसरी मोटार बसवून झाली. पाणी चढलं, गावातल्या नळाला आलं. बायका घागरी घेऊन पळाल्या. म्हणजे काम संपलं. तरी मारुतीला म्हटलं, आवाज बरोबर येत नाही, आठ-दहा दिवस थांबून बघायला लागंल. मारुती म्हणजे इथला पाणी सोडणारा. वीस वर्षं पंपघरात काढलेला माणूस. तो मोटारीकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. चोराच्या मनात चांदणं, मीच दुसरीकडं बघितलं.
शाहूवाडीतलं हे गाव डोंगराच्या पोटात. खोलीत रेंज नाही, पंपघरात नाही. फक्त पाण्याच्या टाकीवर येते. लोखंडी शिडी चढून वर गेलो, मोठ्या मोबाईलवर ॲपमधनं घरची केबल लावली. (साधा मोबाईल बोलायला, मोठा बघायला. कुठंही कामाला गेलो तरी घरचे चॅनल सोबत.) कोल्हापूरच्या लोकल चॅनलवर खाली पट्टी चाललेली: रविवार २२ रोजी तीन दीक्षार्थींचा जैन दीक्षा सोहळा, थेट प्रक्षेपण. दुसरं नाव आमच्या वैशूचं. साड्यांच्या सेलच्या जाहिरातीखालनं सख्ख्या बहिणीचं नाव सरकत गेलं. तीनदा बघितलं. मग बंद केलं.

शुक्र. १३
मी हो म्हणणार नाही. लिहूनच ठेवतो.
महाराज घरच्यांची परवानगी असल्याशिवाय दीक्षा देत नाहीत. आईनं, आमच्या अव्वानं, दिली. काकानं दिली. पण घरात कर्ता मी. आप्पा गेले तेव्हा वैशू नऊ वर्षांची, मी आयटीआयला. तिची फी, तिचं डी.एड., तिची शाळेतली नोकरी, सगळं या हातानं, मोटारी खोलून. उपकार नाही सांगत. हक्क सांगतोय.
दोन वर्षांमागं ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं, तेव्हा गप्प बसलो. वाटलं घरातच तर आहे. आता घरच सोडणार. अनवाणी चालायचं. डोक्याचे केस हातानं उपटायचे. दिवसातनं एकदा जेवायचं, आणि घासात केस निघाला तर तेवढंपण नाही, त्या दिवशी पाणीसुद्धा नाही. ही लहानपणापासनं एक वेळचं जेवण चुकलं की डोकं धरून पडायची. मीच उशाशी बसायचो.
मी गेलोच नाही तर परवानगी कोण देणार? म्हणून इथं बसलोय. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

शनि. १४
सकाळी टाकीवर. सुवर्णाचा फोन. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, अजून 'कसे आहात' न विचारता सुरुवात करते. म्हणाली, तुम्ही लपून बसलाय आणि तिकडं तुमची परवानगी कधीच पोचलीया.
मला कळंना.
तर म्हणे वैशूनं महाराजांना सांगितलंय, अण्णानं फोनवर हो म्हटलंय. काका त्याला साक्षी. नाव पक्कं, पत्रिका वाटून झाल्या.
तळपायाची आग मस्तकात गेली. मी कधी? कुणाला? माझ्या बहिणीनं आयुष्यात खोटं बोललेलं मला आठवत नाही. वहीत तांबडी शाई सांडली तरी सांगायची. आणि आता महाराजांसमोर खोटं? असला धर्म काय कामाचा, असं तोंडात आलं. सुवर्णा म्हणाली, तिलाच विचारा की, माझ्यावर कशाला ओरडताय.
विचारलं नाही. राग असला की मला फोन लावता येत नाही. नुसता धरून बसतो.

रवि. १५, महाशिवरात्र
मारुतीचा उपवास. तरी मला जेवायला घरी नेलं. वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. मी बटाटा खातो. वैशूनं सोडून पंधरा वर्षं झाली, कांदा-बटाटा घरात आला की वेगळी चूल मांडल्यासारखी कोपऱ्यात बसायची. त्यावरनं आमची भांडणं. आता त्या भांडणांचीसुद्धा आठवण येते, म्हणजे कठीण आहे.
मारुतीला सांगून टाकलं. सगळं. तो ऐकून म्हणाला, "पावणं, मोटार तर गुरवारीच सुरू झाली की. अडवायचं असंल तर जाऊन अडवा. हितं टाकीवर बसून कोण अडतंय?"
मी बटाटा वाढून घेतला.

सोम. १६
तिचाच फोन आला. उचलला. दोघांनीही कसा आहेस, कशी आहेस केलं नाही.
मी म्हटलं, कधी दिली मी परवानगी? ती म्हणाली, चार जानेवारी, रविवार, संध्याकाळी. तू मुरगूडला होतास. मी म्हटलं, खोटं. ती म्हणाली, अण्णा, आठवून बघ. मी म्हटलं, जे झालंच नाही ते काय आठवू? महाराजांना सांग, भावाची परवानगी नाही. ती म्हणाली, तू येणार आहेस का? ठेवून दिला.
खोलीत येऊन हीच डायरी मागं उलटली. माझ्याकडं पुरावा आहे म्हणून दाखवावं, या तोऱ्यात. चार तारीख काढली. माझंच अक्षर:
"मुरगूड. बेअरिंग बदललं. मॅच मोबाईलवर. वैशूचा फोन मध्येच, लांबण. बरं म्हटलं, तुझं तू बघ, माझी ना नाही. पेनल्टीत गेलो. डोकं उठलं."
बसलोच.
मॅच आठवते. फुटबॉलची, आमच्या पेठेची टीम, दोन-दोन, पेनल्टी. मोठा मोबाईल पाण्याच्या पिंपावर उभा, साधा कानाला. आपल्या पोरानं चौथी पेनल्टी बारवर मारली, तेसुद्धा आठवतं. वैशू काय बोलली त्यातला एक शब्द आठवत नाही. एकसुद्धा नाही. साध्या मोबाईलमध्ये कॉल बघितला असता, पण इतका जुना राहत नाही. लांबण लिहिलंय म्हणजे दहा-पंधरा मिनिटं तरी बोलली असणार. तेवढा वेळ ती तिचं आयुष्य सांगत होती आणि मी हं हं करत होतो.
आपलेच दात, आपलेच ओठ.

मंगळ. १७
ते पान फाडलं. चार घड्या करून बंबाच्या चुलीत घातलं. आंघोळीचं पाणी तापलं.
आता कुणाला काय माहीत. तिचा शब्द आणि माझा शब्द. न ऐकता म्हटलेलं हो म्हणजे हो नव्हेच, असं दिवसभर स्वतःला समजावतोय. पटतंय. मग पान का फाडलं, इथं येऊन अडतं.
काकाचा फोन: रविवारी स्टेजवर घरच्यांना उठवून विचारतात, तू नाहीस तर मी सांगीन. मी म्हटलं, माझ्या वतीनं बोलायचं नाही. काका म्हणाला, बाळ, लोकं हजार येणार आहेत, तमाशा करू नको.

गुरु. १९
शिवजयंती. गावात स्पीकर. टाकीवर गेलो तर ॲपनं बाहेर काढलेलं. घरी पाहुणे उतरलेत, कुणीतरी आपल्या मोबाईलवर आमची केबल लावली असणार. एका कनेक्शनवर दोनच चालतात. परत आत जायचं तर ओटीपी पाहिजे, आणि कनेक्शन वैशूच्या नंबरवर. घरात ॲप वगैरे तिलाच कळतं, तिनंच मला घालून दिलंतं, म्हणजे बाहेरगावी तुला मॅच बघता येतील म्हणून.
अर्धा तास बसलो. सुवर्णाला सांगावं तर ती तिच्याकडंच जाणार. शेवटी मेसेज केला. एकच शब्द: ओटीपी.
मिनिटाच्या आत आकडे आले. दुसरं काही नाही. मी आकडे घातले, चित्र आलं. मग अजून एक मेसेज: "रविवारी बघणार आहेस ना?"
उत्तर दिलं नाही. पण तिला आता कळलंय मी बघतोय. लपायची जागापण गेली.

शुक्र. २०
मिरवणूक दाखवली. ओळखलीच नाही पहिल्यांदा. शालू, मुंडावळ्या, हातभर चुडा, अव्वाच्या पाटल्या, गळ्यात आमच्या सुवर्णाचा हार. शेवटचं नटवतात, मग सगळं उतरवायचं. उघड्या जीपमध्ये तिघी. बाकी दोघी हसत होत्या. वैशू कॅमेऱ्याकडं बघत होती. कॅमेरावाल्याकडं नव्हे. कॅमेऱ्यात.
तिच्या लग्नात अशी बघायची होती. सोळा स्थळं आणली होती मी. खाली पट्टीवर काय चाललेलं, तर वधू-वर मेळावा, नावनोंदणी सुरू. हसू आलं आणि त्याच्या मागनं रडू आलं. टाकीवर एकटाच होतो, म्हणून लाजलो नाही. मनसोक्त रडून घेतलं. खाली आलो तर मारुती म्हणाला, डोळ्यात काय गेलं? म्हटलं, गंज.

शनि. २१
सकाळी गाडी काढली. जायचं, महाराजांच्या पाया पडायचं, स्पष्ट सांगायचं: मी परवानगी दिलेली नाही. मलकापूरपर्यंत गेलो. चहा घेतला. चहावाल्यानं ओळखपाळख नसताना विचारलं, पावणं, कोल्हापूरला काय? म्हटलं, व्हय. आणि गाडी उलटी वळवली.
तिथं उभा राहून "दिलेली नाही" म्हणायचं तर ते फाडलेलं पान घशात अडकणार. "दिली" म्हणायचं तर ती गेली. तोंड उघडलं की दोन्हीकडनं मरण. न उघडलेलं बरं.
सुवर्णाला सांगितलं, येत नाही. ती म्हणाली, अव्वा दाराकडं बघत बसल्यात. मी म्हटलं, बसू देत. असं म्हणायला नको होतं.

रवि. २२
सावकाश लिहितो.
आठलाच टाकीवर. मारुती पण आला, म्हणाला मी हाय संगं. मोबाईल झाकणाच्या कडीला टेकवून ठेवला. मांडव भरलेला. पहिल्या दीक्षार्थीच्या घरच्यांना उठवलं. बापानं हात जोडून संमती दिली, बायका रडल्या, लोकांनी जयजयकार केला. मग वैशू. महाराजांनी विचारलं, घरचे कोण? अव्वा उठली, मान हलवली. काका उठला, माइक घेतला: मुलीचे थोरले बंधू कामानिमित्त बाहेरगावी आहेत, त्यांनी दूरध्वनीवरून आधीच संमती दिलेली आहे.
मारुतीनं माझ्याकडं बघितलं. मी मोबाईलकडं.
लोक जयजयकार करायला लागले तेवढ्यात वैशूनं हात वर केला. काकाच्या हातातनं माइक घेतला. शाळेत पोरांसमोर बोलते तशी बोलली, सरळ, आवाज न चढवता.
"महाराज, अण्णानं हो म्हटलं हे खरं. पण त्यानं ऐकलं नव्हतं. तो मोबाईलवर मॅच बघत होता, मला मागचं ओरडणं ऐकू येत होतं. मॅच चालू असली की तो कशालाही बरं म्हणतो, हे मला लहानपणापासनं माहीत आहे. म्हणून मुद्दाम मी त्याच वेळी फोन केला. मी चोरून घेतलेली परवानगी आहे ही."
मांडव चिडीचूप. काकाचं तोंड उघडं. महाराज काहीतरी बोलायला लागले, पहिला शब्द "मुली" एवढा ऐकला आणि चाक फिरायला लागलं. रेंज गेली.
मोबाईल हातात घेऊन टाकीच्या कडेनं फिरलो. मारुती ओरडला, पावणं, खाली पडशीला. त्यानं मोबाईल घेतला, हात उंच करून उभा राहिला. चाक फिरतंय. साध्या मोबाईलवरनं सुवर्णाला लावला, उचलला नाही. काकाला, नाही. वैशूला लावला. तिचा वाजला आणि वाजत राहिला.
चित्र आलं तेव्हा दोघीजणी खाली बसलेल्या, केस उपटायला सुरुवात झालेली. मधली जागा मोकळी. तिथं नुसता पाट. कॅमेरा तिकडं वळतच नव्हता. सांगणाऱ्याचा आवाज: दोन दीक्षार्थींचा दीक्षाविधी आता...
मारुतीनं पाठीवर हात ठेवला. म्हणाला, जिकला की तुमी.
मी पान जाळलं आणि तिनं हजार लोकांसमोर स्वतःचं पान वाचून दाखवलं. याला जिंकणं म्हणत असतील तर कठीण आहे.

सोम. २३
सुवर्णाचा फोन सकाळी. सगळं कळलं. महाराज म्हणाले, मुली, भावाला समक्ष विचार, त्यानं ऐकून दिली तर ये, नाही दिली तर घरात राहून व्रत पाळ, तेही लहान नाही. साधूंचा संघ गुरुवारी सकाळी पायी पुढं निघणार, तोवर वाट बघू.
वैशूनं तिथंच दागिने उतरवून अव्वाच्या पदरात घातले आणि रिक्षानं घरी आली. शालूवरच. काका चिडलाय, म्हणतो गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं. अव्वा कुणाशी बोलत नाही. पाहुणे एकेक करून गेले.
सुवर्णाला विचारलं, ती काय करतीया? म्हणाली, कालपासनं तुमच्या खोलीतला पंखा पुसला, माळा पुसला, आता गहू निवडतीया. सारखं काहीतरी करतीया.
मारुतीला सांगितलं, मोटारीचा आवाज बरोबर आहे. तो म्हणाला, मलाबी तसंच वाटालंय.

मंगळ. २४
दुपारी घरी पोचलो. अव्वानं दार उघडलं, बाजूला झाली. वैशू स्वयंपाकघरात खाली बसलेली, साधी पांढरी साडी, पुढ्यात सूप. हातातल्या चुड्याचे वळ अजून दिसत होते. मी समोर बसलो. हात-पाय न धुता.
म्हटलं, चार जानेवारीचं माझ्या डायरीत लिहिलेलं होतं. हो म्हटल्याचं. मी फाडून जाळलं.
तिनं गहू निवडायचे थांबवले. वाटलं आता बोलेल. म्हणाली, "म्हणजे दोघांनी पण." आणि हसली. लहानपणी शेंगा चोरताना दोघं सापडलो की हसायची तशी. मला हसायला येईना.
मग म्हणाली, आता विचारू का?
उठलो. बाहेरच्या खोलीतला टीव्ही बंद केला. दोन्ही मोबाईल सुवर्णाच्या हातात दिले. परत येऊन बसलो. म्हटलं, विचार.
बोलली. किती वेळ ते बघितलं नाही. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसायची ते सांगितलं. स्थळं येत होती तेव्हा काय वाटायचं ते सांगितलं. आप्पांचं शेवटचं दुखणं. सगळं इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. एवढंच कळलं की हे आजचं खूळ नाही, आणि घरातलं कुणी वाईट वागलं म्हणूनपण नाही. माझ्या मनात ते होतं. माझ्यामुळं तर नव्हे, असं इतके दिवस आतनं कुरतडत होतं. तिला विचारलंसुद्धा. म्हणाली, तुझ्यामुळं असतं तर सोपं होतं, माफी मागून घेतली असतीस.
आणि शेवटी म्हणाली, "अजून एक. दीक्षेनंतर तू दर्शनाला आलास तर मी तुला अण्णा म्हणणार नाही. म्हणताच येणार नाही. तू मला माताजी म्हणायचं आणि मी तुला बाकीच्यांसारखाच आशीर्वाद द्यायचा. हे आत्ताच सांगतीया. मग म्हणशील, ऐकलं नव्हतं."
ऐकलं. माझ्या तोंडातनं हं सुद्धा निघालं नाही.
म्हणाली, घाई नाही, उद्या सांग. आणि सूप ओढून घेतलं.

बुध. २५
संघ उद्या सकाळी निघणार. आज सांगायला पाहिजे. नाही म्हटलं तर ती राहील, शब्दसुद्धा काढणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच नाही तोंडातनं निघत नाही. आणि हो पण निघत नाही.
कामावर गेलो नाही. बाहेरच्या खोलीत बसलोय. ती घरात इकडनं तिकडं. सकाळी म्हणाली, अण्णा, चहा. ओ दिली. मग अण्णा, दूधवाला आलाय, दार उघड. ओ दिली. अण्णा, तुझा टॉवेल कुठाय? ओ दिली.
आत्ता परत हाक मारली. ऐकू आली, स्वच्छ. ओ दिली नाही. न ऐकल्यासारखं केलं, म्हणजे परत मारेल.
मारली.